पाडव्याआधी घर वाळू द्यावे

चैत्र शुद्ध प्रतिपदा हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. त्या दिवशी घराचा व्यवहार ठरवावा, विसार द्यावा, जमल्यास नव्या वास्तूत कलश ठेवावा, अशी भाविक कुटुंबांची इच्छा असते. घेणाऱ्याची दृष्टी पाडव्यावर असते. विकणाऱ्याला मात्र मार्गशीर्षातच कंबर कसावी लागते. पौषात मंगलकार्ये टाळण्याची रीत अनेक घरांत आहे, परंतु डागडुजीला पौष वर्ज्य नाही. किंबहुना थंडीचे कोरडे दिवस हाच तिचा खरा काळ होय.

उजनीच्या काठावर ही गोष्ट अधिकच महत्त्वाची ठरते. भीमेवरील हे धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि काठची कितीतरी गावे पाण्याखाली गेली. इंदापूर तालुक्यातील पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन दगडी मंदिर बुडाले, आणि गाव वर सरकून नव्याने वसले. २०२४ च्या उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेले, तेव्हा ते जुने मंदिर पुन्हा उघडे पडले. करमाळा व माढा तालुक्यांतील काठच्या कुटुंबांचीही अशीच कहाणी आहे. त्या वेळी घर सोडण्याचा दिवस पाण्याने ठरविला. आज मुले पुण्याला वा सोलापूरला स्थिरावतात आणि नव्या गावठाणातील घर विकण्याचा विचार निघतो. या वेळी निदान घर रीतीने सोडण्याची सवड हाती असते. ती वाया दवडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.

प्रथम भिंतींकडे पाहावे. जमिनीतील ओल भिंतीत चढते, तिच्याबरोबर क्षारही येतात. पाणी उडून जाते, क्षार मागे राहून गिलावा फोडतात. यालाच आपण लोणा लागणे म्हणतो. पाडवा जवळ आला म्हणून त्यावर घाईने सिमेंट थापून रंग दिला, तर ओल आत कोंडते आणि पहिल्याच पावसाळ्यात रंगाचे पापुद्रे सुटतात. म्हणून थंडी पडताच सुटलेला गिलावा खरवडावा, दारे-खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्यावी, आणि माघात चुन्याचा हात द्यावा. चुना भिंतीला श्वास घेऊ देतो. जुने माळवद असेल तर त्यावरचे गवत मुळासकट उपटून भेगा बुजवाव्यात. काळी माती पाण्याने फुगते व वाळली की भेगाळते. तेव्हा मोरीचे पाणी पायापासून दूर काढावे. चौकटी आणि तुळयांना वाळवी लागली आहे का, तेही ठोकून पाहावे.

एवढे करूनही एखादा दोष उरतोच. तो झाकू नये. सहज लक्षात न येणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यानेही कर्तव्य मानले आहे. आपली परंपरा तर पाडव्याला आधी कडुलिंब देते, साखरेच्या गाठी मागाहून. भावाच्या बोलणीतही हाच क्रम ठेवावा.

भिंतींइतकीच कागदपत्रेही आधी कोरडी व्हावीत. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा, वारसनोंद, घरपट्टीची पावती हे सारे माघापूर्वी जमवावे. पुनर्वसनात मिळालेली जागा ‘भोगवटादार वर्ग २’ म्हणून नोंदलेली असेल, तर विक्रीपूर्वी परवानगी लागते. तिची चौकशी तहसील कार्यालयात वेळेवर करावी.

सर्वांत नाजूक विषय बहिणींचा. वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच, हे २००५ च्या कायदादुरुस्तीने ठरले. दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. संक्रांतीला माहेरी आलेल्या बहिणीपुढे तिळगुळासोबत हक्कसोडपत्र ठेवण्याचे प्रकार आम्ही पाहिले आहेत. असा गोडवा खरा नव्हे. विक्रीचा विचार, अपेक्षित किंमत आणि तिचा वाटा हे तिच्यासमोर मोकळेपणी मांडावे. तिने आपणहून सोडले तर ते तिचे औदार्य. मागून घेतले तर ते दान राहत नाही. जिचे बालपण त्या अंगणात गेले, तिचे मन दुखावून विकलेल्या घराच्या पैशाला बरकत कोठून येणार?

उरले देवघर. टाक, मूर्ती, शाळिग्राम हे घराच्या व्यवहारात येत नाहीत. ते कुटुंबाबरोबर जातात. कोणत्या भावाकडे देव जाणार, कुळाचार कोण सांभाळणार, हे हिवाळ्यातच ठरवावे, म्हणजे ऐन निघण्याच्या दिवशी वाद होत नाही. शेवटची पूजा आणि कुलदैवताचा नैवेद्य आपापल्या घरच्या रीतीने, गुरुजींना विचारून करावा. तुळशीचे रोप सोबत न्यावे. वृंदावन मात्र स्वच्छ करून नव्या माणसासाठी मागे ठेवावे.

पाडवा हा सुटीचा दिवस, त्यामुळे खरेदीखताची नोंदणी कामकाजाच्या दिवशीच होणार. मुहूर्तावर शब्द द्यावा, विसार घ्यावा. त्या सकाळी गुढी मात्र विकणाऱ्याने उभारावी आणि घेणाऱ्या कुटुंबाला तिच्या पूजेला बोलवावे. सूर्यास्तापूर्वी गुढी उतरवली, की भिंतीचा कोणता कोपरा पावसाळ्यात ओलावतो, विहिरीचे पाणी केव्हा आटते, शेजारी कोण अडीअडचणीला धावते, हे त्यांना बसून सांगावे.