खासदाराची जागा रिकामी राहते तेव्हा

जिल्हा चंद्रपूर, म्हणून आपला खासदारही चंद्रपूरचाच, असं सिंदेवाहीतल्या कुणाला वाटलं तर नवल नाही. प्रत्यक्षात २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर हा तालुका अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या गडचिरोली-चिमूरमध्ये मोडतो. त्यामुळे ३० मे २०२३ रोजी चंद्रपूरचे खासदार बाळू धानोरकर यांचं निधन झालं, तेव्हा प्रतिनिधी गेला तो शेजारच्या मूलकरांचा, सिंदेवाहीचा नव्हे.

जागा रिकामी झाली की सहा महिन्यांत पोटनिवडणूक होतेच, ही समजूत त्याहून पक्की आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १५१-अ तसं सांगतं खरं, पण त्यात दोन पळवाटा आहेत. उरलेली मुदत वर्षाहून कमी असेल तर निवडणूक टळते. किंवा या अवधीत ती घेणं कठीण आहे, असं निवडणूक आयोगाने केंद्र सरकारशी विचारविनिमय करून प्रमाणित केलं, तरीही टळते. त्या लोकसभेची मुदत १६ जून २०२४ पर्यंत होती, म्हणजे वर्षाहून थोडी जास्तच. तरीही मूल, बल्लारपूर, राजुरा, वरोऱ्याचे मतदार २०२४ च्या निकालापर्यंत वर्षभर खासदाराविना राहिले.

पुण्यात खासदार गिरीश बापट यांच्या निधनानंतर हेच झालं. तिथल्या एका मतदाराने उच्च न्यायालयात दाद मागितली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने तातडीने पोटनिवडणूक घ्या असा आदेश दिला. जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. यंत्रणा सार्वत्रिक निवडणुकीच्या तयारीत गुंतली आहे, हे आयोगाचं कारण मला पटत नाही. कोळसा खाणी, रेल्वे, वनहक्क यांवर लोकसभेत बोलायला आपला माणूसच नसणं ही किरकोळ गैरसोय नाही.

खुद्द लोकसभेच्या मुदतीबद्दलही असेच गैरसमज आहेत. लोकसभा पाच वर्षं टिकतेच, असं नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८३ मधली पाच वर्षं ही कमाल मुदत आहे. १९९६, १९९८ आणि १९९९ अशा तीन निवडणुका मतदारांनी पाहिल्या. उलट, निवडणूक लांबवताच येत नाही, हेही चूक. आणीबाणीत संसद कायदा करून एका वेळी एक वर्ष मुदत वाढवू शकते. १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेनंतरची निवडणूक अशीच १९७६ ऐवजी मार्च १९७७ मध्ये झाली. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तर नेहमीची मुदतच सहा वर्षं केली होती. चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने ती पुन्हा पाचवर आणली.