ई-४ : खूण म्हणजे निदान नव्हे

मेंदूतील पेशींपर्यंत कोलेस्टेरॉल वाहून नेणारे प्रमुख प्रथिन म्हणजे अपोलिपोप्रोटीन-ई. त्याच्या ई-३ आणि ई-४ या प्रकारांत २९९ अमिनो आम्लांपैकी केवळ एकाचा फरक असतो. तरीही प्रयोगशाळेत तयार केलेली विशिष्ट प्रतिपिंडे, म्हणजेच अँटिबॉडीज, नेमकी ई-४लाच चिकटून त्याचे अस्तित्व दाखवतात.

१९९३ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी ई-४चा संबंध उतारवयातील अल्झायमरशी जोडला. परंतु ही खूण म्हणजे निदान नव्हे. ई-४ असूनही अनेकांची स्मृती अखेरपर्यंत शाबूत राहते; ते नसतानाही काहींना हा आजार जडतो. म्हणून आईवडिलांच्या अहवालात ई-४ आढळल्यास ते भाकीत समजू नये. विसराळूपणा वाढत असेल, तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावेत.