सांधा समेवर हवा

शाळेच्या गॅदरिंगमध्ये एक गाणं संपून दुसरं लागतं आणि नाचणारी मुलं क्षणभर एकमेकांकडे बघू लागतात. पाय चुकले, असं प्रेक्षकांना वाटतं. बरेचदा चुकलेला असतो तो दोन गाण्यांमधला सांधा. ऑडॅसिटीसारखं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, म्हणून गाणी कापणं-जोडणं हे संगणकाचं काम असा समज झाला आहे. ते आहे तालाचं. केरव्याच्या आठ मात्रा असतात. पहिलं गाणं चौथ्या मात्रेनंतर तोडलं आणि पुढचं समेवर सुरू केलं, तर नाचणाऱ्याच्या मोजणीतल्या चार मात्रा गडप होतात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ही दोन सेकंदांची फसगत. आवर्तन पूर्ण होऊ द्यावं, मग कात्री लावावी. कापताना आवाजाची लहर जिथे शून्यरेषा ओलांडते तीच जागा धरावी, नाहीतर सांध्यावर ‘टक्’ असा आवाज येतो.

यावर कोणी म्हणेल, एक गाणं हळूहळू उतरवत दुसरं चढवलं की सांधा झाकला जातो. आलाप असेल, नुसती बासरी असेल, तर जातोही. ठेका चालू असेल तर मात्र उघडा पडतो. एकाची लय १२०, दुसऱ्याची १२६ असली, तर पाच सेकंदांत पहिल्याच्या दहा मात्रा होतात, दुसऱ्याच्या साडेदहा. म्हणजे एकाचा ठोका दुसऱ्याच्या दोन ठोक्यांच्या बरोबर मधोमध. मग ढोलकीचा नुसता खडखडाट ऐकू येतो.

एवढं जमवलेलं सीडी बर्न करताना बिघडू शकतं. ऑडिओ सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि ते ५८८ नमुन्यांच्या ठोकळ्यांत मांडलेले असतात, सेकंदाला ७५ ठोकळे. नवा ट्रॅक ठोकळ्याच्या सुरुवातीलाच सुरू होतो. तीन तुकडे तीन फायली म्हणून दिले, तर अर्धवट राहिलेला ठोकळा सहसा शांततेने भरला जातो. शिवाय अनेक सॉफ्टवेअर दोन ट्रॅकमध्ये आपणहून दोन सेकंद मोकळे सोडतात. एमपीथ्री केली तर सुरुवातीला आणखी थोडी शांतता चिकटते. म्हणून सगळं मिश्रण एकाच वेव्ह फाइलमध्ये जोडून, एकच ट्रॅक म्हणून द्यावं. पर्यायही ‘ऑडिओ सीडी’चाच निवडावा, डेटा सीडीवरची फाइल जुना प्लेअर वाजवतच नाही.

पेनड्राइव्हच्या काळात सीडी कशाला, हा आक्षेप रास्त आहे. घरी बर्न केलेल्या सीडीवरचा रंगाचा थर उन्हाने, काळाने खराबही होतो, तेव्हा मूळ वेव्ह फाइल जपून ठेवावीच. पण मोबाइलवरून वाजवताना मधेच फोन येतो. सीडीला तो येत नाही. आणि पेनड्राइव्ह घेतला तरी सांध्याचं गणित बदलत नाही. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सीडी सभागृहातल्याच प्लेअरवर लावा, आणि शेवटपर्यंत ऐका.