हजारांतला एक बदल

गेल्या महिन्यात नीट चालणारा प्रोग्रॅम आज अडतो. मधल्या काळात कोडमध्ये हजारभर बदल झालेले. त्यातल्या नेमक्या कुठल्या बदलाने घोटाळा केला? हे हुडकून देणारी कमांड म्हणजे ‘गिट बायसेक्ट’.

लिनक्स कर्नलचा कोड सांभाळण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली गिट लिहिलं आणि त्याच वर्षी ही कमांडही त्यात आली. तिची रीत साधी आहे. आजचा कमिट, म्हणजे गिटमध्ये नोंदवलेला बदल, ‘बॅड’, महिन्यापूर्वीचा ‘गुड’, अशी दोन टोकं दाखवायची. गिट मधोमधचा कमिट समोर ठेवतं. तो बिल्ड करायचा, चालवून पाहायचा आणि गुड की बॅड ते सांगायचं, की उरलेल्यांतले निम्मे बाद. बिल्डच होत नसेल तर ‘स्किप’. १,०२४ कमिट दहा फेऱ्यांत निकाली निघतात. दहा लाख असले तरी वीसच फेऱ्या पुरतात.

‘बायसेक्ट रन’ला टेस्टची स्क्रिप्ट दिली, तर माणूसही लागत नाही. स्क्रिप्टने ० परत केला तर गुड, १ आला तर बॅड, १२५ आला तर स्किप. रात्री लावून जावं. सकाळी पडद्यावर पहिल्या बॅड कमिटचा चाळीस अक्षरी हॅश तयार असतो.

गिटच्या आधी, १९९९ मध्ये, आंद्रेआस झेलर यांनी हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला होता. जीडीबी हा डीबगर ४.१६ वरून ४.१७ वर गेला आणि त्याच्यावर चालणारा ‘डीडीडी’ हा ग्राफिकल फ्रंट-एंड तपासायच्या प्रोग्रॅमला आर्ग्युमेंट्स देईनासा झाला. दोन आवृत्त्यांत १,७८,००० ओळींचा फरक होता. झेलर यांच्या पद्धतीने त्या बदलांचे गट पाडून, आलटूनपालटून लावून पाहिले. सापडला तो एका संदेशातला शब्दबदल: ‘आर्ग्युमेंट्स’च्या जागी ‘आर्ग्युमेंट लिस्ट’. डीडीडी तो संदेश जसाच्या तसा वाचत होता.

या पद्धतींनाही पथ्यं आहेत. कधी दिसणारा, कधी न दिसणारा बग बायसेक्टला चकवतो. एक उत्तर चुकलं, की शोध भलत्याच निम्म्यात जातो. एकाच कमिटमध्ये दहा कामं कोंबली असतील, तर कमिट सापडूनही शोध उरतोच. म्हणून कमिट लहान आणि एकाच कामाचा असावा.

जीडीबीतला तो शब्द बदलणाऱ्याचं तसं काहीच चुकलं नव्हतं. कुणाचा तरी प्रोग्रॅम त्या शब्दावर विसंबून आहे, हे त्या शोधातूनच उघड झालं. बायसेक्टचा निकाल हातात आला, की मीही आधी ‘कुणी केलं’ हे न पाहता ‘काय कशावर विसंबून होतं’ हे पाहतो. दुरुस्ती तिथेच सापडते.