हातगुण

बाह्यरुग्ण विभागातून बाहेर पडणाऱ्या रुग्णांच्या तोंडून एक तक्रार वारंवार ऐकू येते : “डॉक्टरांनी हात लावूनसुद्धा पाहिलं नाही.” रक्ताचे अहवाल आलेले असतात, सोनोग्राफी झालेली असते, औषधेही योग्य लिहून दिलेली असतात, तरीही आपल्याला कोणी तपासले असे त्या रुग्णाला वाटत नाही. ही तक्रार अज्ञानातून येते असे समजण्याचा मोह आम्हा वैद्यकांना होतो, आणि तो चुकीचा आहे. पोट कोठे दाबल्यावर स्नायू ताठ होतात, कोठे रुग्ण श्वास रोखतो, हे हाताला जसे कळते तसे चित्रात उमटत नाही. आपल्या भाषेने तर बरे करणाऱ्याच्या यशाला नावच ‘हातगुण’ असे दिले आहे.

एरवी स्पर्शाविषयी आपण बोलत नाही. बाळाची टाळू भरणारी आजी, परीक्षेला निघालेल्या मुलाच्या पाठीवर वडिलांनी दिलेली थाप, वाकून नमस्कार करणाऱ्याच्या मस्तकावर टेकलेला हात, घरात मृत्यू झाला असता शोकाकुल स्त्रीला दोन्ही बाजूंनी सावरून धरणाऱ्या शेजारणी : या साऱ्या गोष्टी न सांगता घडतात. मात्र वय वाढते तसा आपल्याकडे स्पर्श आटत जातो. पतिपत्नीही चारचौघांत एकमेकांचा हात धरीत नाहीत. अशा घरांत मोठ्या माणसाला मायेचा स्पर्श लाभतो तो बहुधा आजारपणात, कपाळावर हात ठेवून ताप पाहताना किंवा रात्री पाय चेपून देताना. आणि आजार बळावला की नेमके त्याच वेळी तो माणूस रुग्णालयात, म्हणजे अनोळखी हातांत येतो.

स्पर्श ही गर्भावस्थेत सर्वांत आधी जागी होणारी संवेदना आहे. साधारण सातव्या-आठव्या आठवड्यात गर्भाच्या ओठांभोवतीची त्वचा तिला प्रतिसाद देऊ लागते. कशाला हात लागला, वस्तू खरखरीत की गुळगुळीत, हा निरोप जाड चेतातंतूंवरून अतिशय वेगाने मेंदूकडे जातो. त्याखेरीज, विशेषतः केसाळ त्वचेत, काही बारीक तंतू असतात. त्यांचा निरोप सेकंदाला सुमारे एक मीटर इतक्या संथ गतीने जातो. सेकंदाला १ ते १० सेंटिमीटर वेगाने, त्वचेइतक्याच उबदार हाताने केलेल्या हळुवार स्पर्शाला ते सर्वांत अधिक प्रतिसाद देतात. आई मुलाच्या पाठीवरून हात फिरवते तो वेग साधारण हाच. तिला तो कोणी शिकविलेला नसतो. दाब ओळखणाऱ्या रेणूंच्या शोधासाठी आर्डेम पटापौटियन यांना, तर उष्णता व वेदना जाणणाऱ्या रेणूच्या शोधासाठी डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

स्पर्शाने जीव वाचतो, हे विधान नवजात शिशूंच्या बाबतीत शब्दशः खरे आहे. कोलंबियाच्या राजधानीत, बोगोटा येथे, १९७८ साली डॉ. एद्गार रे यांच्यापुढे अडचण होती ती काचपेट्यांच्या तुटवड्याची. कमी वजनाची बाळे अधिक आणि पेट्या थोड्या. त्यांनी बाळाला आईच्या उघड्या छातीशी, दोन्ही स्तनांच्या मध्ये, उभे बांधून ठेवण्याचा मार्ग काढला. अंगावर फक्त लंगोट व टोपी, मान एका बाजूला वळविलेली, वरून कापडाचा पट्टा. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव मिळाले. आईच्या अंगाची ऊब बाळाचे तापमान टिकविते, श्वास स्थिरावतो आणि दूध लवकर सुरू होते.

तरीही दीर्घ काळ नियम असा होता की, आधी बाळ यंत्रावर स्थिर होऊ द्यावे, मग आईकडे द्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने भारत, घाना, मलावी, नायजेरिया व टांझानिया या पाच देशांत केलेल्या अभ्यासाने हा क्रमच उलटा ठरविला. १ ते १.८ किलो वजनाच्या ३,२११ बाळांचा त्यात समावेश होता. जन्मानंतर लगेच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांपैकी पहिल्या २८ दिवसांत शेकडा १२ दगावली. प्रचलित पद्धतीत हे प्रमाण शेकडा १५.७ होते. फरक इतका स्पष्ट होता की अभ्यास मुदतीपूर्वीच थांबविण्यात आला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि २०२२ मध्ये संघटनेने आपली शिफारस बदलली. दिवसाचे ८ ते २४ तास, शक्य तितके अधिक, बाळ छातीशी असावे. स्वतःहून श्वास घेऊ न शकणारे, कृत्रिम श्वसनावर असलेले किंवा रक्ताभिसरण कोलमडलेले बाळ तेवढे याला अपवाद.

याचा व्यावहारिक अर्थ आपणा सर्वांस विचारात घ्यावा लागेल. आईला काचेबाहेर उभी करून बाळ आत ठेवणारा विभाग आता कालबाह्य झाला आहे. आईची खाट, तिचे स्वतःचे उपचार, तिचे जेवण, तिचे स्वच्छतागृह हे सारे शिशूविभागातच हवे. त्यास जागा लागते. देणगीदारांची क्षमा मागून लिहितो : यंत्रावर नावाची पाटी शोभते, आईच्या खुर्चीवर ती तितकी शोभत नाही, म्हणून यंत्रे लवकर येतात आणि खुर्च्या मागे राहतात. आई शस्त्रक्रियेने थकलेली असेल तर वडील, आजी, मावशी यांपैकी कोणीही बाळाला छातीशी धरू शकतात. वडिलांना सदरा काढण्याचा संकोच वाटतो खरा. बाळाने एकदा छातीवर झोप घेतली की दुसऱ्या दिवशी सांगावे लागत नाही.

स्पर्श नाकारला गेला तर काय होते, हे महाराष्ट्राला निराळे सांगण्याची आवश्यकता नाही. कोणी कोणास शिवावे याचे नियम येथे शतकानुशतके माणसांवर लादले गेले. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने त्यांवर बंदी घातली तरी त्यांच्या खुणा बुजलेल्या नाहीत. कुष्ठरोग्याच्या वाट्याला तर दुहेरी वंचना आली. रोग त्याच्या हातापायांची संवेदना हिरावतो, त्यामुळे चटका बसलेला कळत नाही आणि जखमा चिघळतात. आणि समाज त्याला शिवेनासा होतो. सेवाग्राम आश्रमात महात्मा गांधी परचुरेशास्त्रींच्या कुष्ठपीडित अंगाला स्वतः मालीश करीत. वरोऱ्याला गटारीशेजारी पडलेल्या तुळशीराम नावाच्या रुग्णाला पाहून बाबा आमटे आधी भयाने माघारी फिरले, आणि मग त्याच भयाची लाज वाटून परत गेले. आनंदवनाचे मूळ त्या परतण्यात आहे. आज बहुविध औषधोपचार सुरू होताच थोड्या काळात संसर्ग थांबतो आणि हात मिळविल्याने हा रोग पसरत नाही. असे असूनही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यात २०१९ पर्यंत नोंदलेले होते.

अर्थात हात हा रोगाचेही वाहन आहे. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींना तपासणाऱ्या डॉक्टरांच्या हातांमुळे सूतिकाज्वर पसरतो, हे इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली दाखवून दिले आणि क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. मृत्यू झपाट्याने घटले. सहकारी मात्र रुष्ट झाले. आपले हात कोणाच्या मृत्यूस कारण ठरले, हे मान्य करणे कोणाही वैद्याला कठीणच. म्हणून आमच्या परिचारिका आपल्याला दारातच अडवितात, त्याचा राग मानू नये.

करोनाच्या साथीत, २०२० व २०२१ साली, अडविणे हेच आमचे काम होऊन बसले. ब्राझीलमध्ये एका परिचारिकेने हातमोज्यांत कोमट पाणी भरून ते रुग्णाच्या हाताभोवती बांधले होते. त्याचे छायाचित्र जगभर गाजले. आमच्या विभागात एका मुलीने फोनवरून एवढीच विनंती केली होती की, बाबांच्या डोक्यावरून कोणीतरी हात फिरवावा. परिचारिकेने तो फिरविला, दुहेरी मोजे घालून. गृहस्थांनी डोळे उघडले नाहीत. त्यांना ते कळले की नाही हे आम्ही सांगू शकत नाही. मुलीला मात्र त्यानंतर अनेकदा तेच सांगावे लागले, कारण ती पुन्हापुन्हा तेच विचारीत असे.

आता अतिदक्षता विभागात येणारे नातेवाईक नळ्यांच्या भीतीने खाटेपासून दोन हात दूर उभे राहतात आणि हात मागे बांधून परततात. तसे करू नये. अंगठ्या, बांगड्या व घड्याळ काढून ठेवावे. साबण व पाण्याने ४० ते ६० सेकंद, किंवा निर्जंतुक द्रवाने २० ते ३० सेकंद हात चोळावेत. सुई कोणत्या हाताला लावली आहे हे परिचारिकेस विचारून दुसरा हात धरावा; जखम, सूज व पट्टी टाळावी. आपले नाव आणि आपण हात धरीत आहोत हे रुग्णाला मोठ्याने सांगावे, तो बेशुद्ध दिसत असला तरी. भुलीखाली किंवा संभ्रमात असलेल्या रुग्णाला ओळखीचा आवाज व ओळखीचा हात भानावर राहण्यास साहाय्य करतात. रुग्णाने हात काढून घेतला तर मात्र पुन्हा धरू नये. वेदनेत किंवा थकव्यात स्पर्श नकोसा होतो, आणि तसे दर्शविण्याचा अधिकार त्याचा आहे. तेवढ्यापुरते खाटेजवळच्या स्टुलावर बसून राहावे. वेळ संपल्याचे परिचारिका सांगतील.