जाळी लपविणारे छायाचित्र

रोहा-मुरूड परिसरातील फणसाडचे जंगल एकेकाळी जंजिऱ्याच्या नवाबांचे शिकारीचे राखीव रान होते. १९८६ साली ते अभयारण्य झाले. तेथे शेकरूचे एक छायाचित्र टिपावयाचे तर तासन् तास बसावे लागते, आणि पुष्कळदा रिकाम्या हाताने परतावे लागते. भायखळ्याच्या राणीच्या बागेत मात्र अर्ध्या तासात डझनभर चित्रे मिळतात. भिंग जाळीला टेकवून त्याचे छिद्र पूर्ण उघडले की जाळी धूसर होऊन नाहीशी होते व प्राणी मुक्त दिसतो. मृषावाद केवळ जिभेनेच घडतो काय? आम्हास तसे वाटत नाही. अशा चित्राखाली ‘बंदिस्त’ एवढा शब्द तरी उपासकाने लिहावा.

मुळात कोंडणे योग्य काय, हा प्रश्न याहून मोठा आहे. विनयपिटकात चोरीच्या विवेचनात एक प्रसंग येतो. फासात अडकलेले डुक्कर एका भिक्खूने करुणेने सोडून दिले; हेतू करुणेचा म्हणून तथागतांनी त्यास निर्दोष ठरविले. यावरून कोणी पिंजरे उघडावेत असे नव्हे. पिंजऱ्यात जन्मलेला प्राणी रानात तगणे कठीण. परंतु ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची गरज व मारण्याची इच्छा यांत जो भेद केला, तो कोंडण्यासही लागू पडतो. जखमी प्राण्यास सांभाळणे ही गरज होय. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरील हम्बोल्ट पेंग्विन २०१६ साली मुंबईत आणून थंड दालनात काचेआड ठेवणे ही, आमच्या मते, केवळ इच्छा. त्यांची पिल्ले तेथे वाढली, हे मान्य. पण ती समुद्रात सोडण्यासाठी वाढविलेली नाहीत.