आधी चपला, मग चेहरा!

शोरूमचं काचेचं दार ढकललंत, की तुम्ही तोंड उघडायच्या आत समोरच्याने तुमचा खिसा मोजलेला असतो. कशावरून? कपड्यांवरून? थांबा, मामला दिसतो तेवढा सोपा नाहीये...

गेल्या महिन्यातला एक शनिवार. अण्णा बार्शीहून पुण्याला आले होते. साठी जवळ आलीय, म्हणून त्यांना एक झकास घड्याळ घ्यायचं असा माझा बेत. त्यांच्या मनगटावर लग्नातलं एचएमटी आहे, रोज सकाळी चावी द्यायचं. एचएमटी वॉचेस बंद करायचा निर्णय सरकारने २०१६ मध्ये घेतला, पण अण्णांचं घड्याळ बंद पडायचं नाव घेत नाही!

तर आमची जोडी मॉलमधल्या एका घड्याळांच्या शोरूममध्ये शिरली. माझा अवतार: थ्री-फोर्थ, लोगोचे पापुद्रे निघालेला ऑफिसचा टी-शर्ट, पायात फ्लोटर्स, तीन दिवसांची दाढी. अण्णा मात्र पांढऱ्याशुभ्र पायजमा-शर्टात. रात्री गादीखाली घडी करून ठेवलेला, त्यामुळे कडक. डोक्यावर टोपी, पायात करकर वाजणाऱ्या वहाणा. त्या अख्ख्या शोरूममध्ये सगळ्यात गबाळा कोण होता, हे सांगायला नकोच.

‘वेलकम सर!’ काळ्या सुटातला पोरगा माझ्याकडे बघून हसला. अण्णांनी काचेवर बोट ठेवून विचारलं, ‘हे केवढ्याला?’ उत्तर मला मिळालं. ‘सर, वो थोडा प्रीमियम रेंज है.’ मग अण्णांकडे वळून अगदी गोड आवाजात, ‘अंकल, आप उधर सोफे पे बैठिए ना, एसी है.’ अण्णा गेले, बसले. पोराने खिशातून फडकं काढलं आणि अण्णांनी जिथे बोट ठेवलं होतं तेवढी काच पुसली.

उद्धट तो एका शब्दानेही झाला नाही. भांडायचं तरी कशावरून? ‘बघून सांगतो’ म्हणालो आणि बाहेर पडलो.

पण डोक्यात किडा राहिलाच. कपडे बघून माणूस जोखतात म्हणावं, तर मग मला ‘सर’ कसं काय? माझा एक मित्र सहा वर्षं मॉलमध्ये सेल्सला होता. त्याला अमृततुल्यवर गाठलं. तो हसायलाच लागला. ‘कपडे कोण बघतंय रे! आधी चपला. मग मोबाइल. मग तू दार कसं ढकललंस ते. सवयीचा माणूस वॉचमनकडे बघत पण नाही. नवखा दारात थबकतो. काही जण तर चपला बाहेर काढायला वाकतात. तिथेच कळतं.’

म्हणजे माझी थ्री-फोर्थ ही गरिबी नव्हे, ती ‘आयटीवाला, सुट्टीचा दिवस’ असली पाटी आहे. आणि अण्णांची कडक घडी म्हणजे ‘ठेवणीतले कपडे घालून आलाय, फक्त बघायला’!

हे फक्त आपल्याकडेच चालतं असं नाही बरं का. ‘जर्नल ऑफ कन्झ्युमर रिसर्च’मध्ये २०१४ साली एक अभ्यास छापून आला होता. मिलानमधल्या महागड्या बुटिक्समधल्या विक्रेत्यांना विचारलं, जिमच्या कपड्यांत आलेली बाई जास्त ऐपतीची, की फर कोटवाली? त्यांनी कौल जिमवालीच्या बाजूने दिला. रस्त्यावरच्या साध्या बायकांचं मत नेमकं उलटं! गबाळं राहणं परवडायलाही पत लागते, बॉस. तरी हे गणित कधीकधी सणसणीत चुकतं. ओप्रा विन्फ्रेने २०१३ मध्ये सांगितलं होतं, की झुरिकमधल्या दुकानात आपल्याला सुमारे ३८ हजार डॉलर्सची बॅग दाखवायलाच नकार मिळाला. विक्रेतीने तो आरोप नाकारला, पण स्विस पर्यटन खात्याने माफी मागितली.

ओप्रासाठी माफी मागायला खातं तरी पुढे आलं. कर्नाटकातल्या तुमकुरूत जानेवारी २०२२ मध्ये पिकअप घ्यायला आलेल्या एका शेतकऱ्याची शोरूममध्ये टर उडवली गेली, तेव्हा गड्याने तासाभरात दहा लाख रोख आणून दाखवले. बातमी देशभर गाजली, आपण सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण त्याच्याकडे दहा लाख नसते तर? बंगळुरूच्या मॉलमध्ये जुलै २०२४ मध्ये मुलासोबत सिनेमाला आलेल्या शेतकऱ्याला धोतर नेसलंय म्हणून दारातच अडवलं. खिशात तिकिटं होती! सरकारने मॉल सात दिवस बंद ठेवायला लावला. ती बातमी मी तेव्हा ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवली होती आणि तावातावाने बोललोही होतो.

मित्राला विचारलं, ‘तुला वाईट नाही वाटायचं?’ तो म्हणाला, ‘महिन्याचं टार्गेट असतं. एका गिऱ्हाइकावर अर्धा तास घालवला आणि ते तसंच गेलं, तर तेवढ्यात दुसरं बाजूच्याच्या खात्यात जमा. आणि तो काळा सूट दुकानाचा असतो रे. मी संध्याकाळी तो काढून ठेवायचो आणि बसने घरी. आमच्या शोरूममधलं सगळ्यात स्वस्त घड्याळ मला दोन पगारांत आलं असतं.’ यावर काय बोलणार? चहाचे पैसे मी दिले.

लक्ष्मी रोडवर मात्र वेगळंच शास्त्र चालतं. तिथल्या जुन्या कापड दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं, की टेम्पो करून आलेली धोतर-टोपीवाली मंडळी म्हणजे बस्ता, आणि बस्ता म्हणजे लाखांतला व्यवहार. सराफांचंही तेच. पाडव्याला टोपीवाल्यासमोर चहा आधी येतो. म्हणजे जोखतात तेही, फक्त त्यांचा वजनकाटा निराळा. आम्ही त्याच दिवशी संध्याकाळी तिकडच्या एका छोट्या घड्याळवाल्याकडे गेलो. ‘या मामा, बसा. गाव कुठलं?’ इथून सुरुवात. मग बार्शी, तूर, पाऊस. नवं घड्याळ अण्णांनी घेतलंच नाही. एचएमटीला नवा पट्टा बसवून घेतला, साडेतीनशे रुपयांत!

आता एक गोष्ट, जी मित्रालाही सांगितली नाही. मॉलला निघताना घरी मी अण्णांना म्हणालो होतो, ‘अण्णा, माझा चेक्सचा शर्ट घालता का? आणि टोपी राहू द्या आज.’ त्यांनी आरशात बघत टोपी नीट केली आणि विचारलं, ‘का रं? दुकानात टोपीला बंदी हाय का?’ मी हसण्यावारी नेलं. सुटातल्या त्या पोराने अण्णांना दहा सेकंदांत जोखलं, असं मी सगळ्यांना सांगत फिरतोय. मी तर घरातूनच सुरुवात केली होती.

काल फोन केला होता. साठीच्या जेवणाला कोरेगाव पार्कातलं हॉटेल बुक केलंय, म्हणून सांगितलं. अण्णा खूष झाले. आई काय नेसणार, कोण कोण येणार, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता म्हणाले, ‘आन् तिथं टोपी चालती ना?’

‘चालती अण्णा,’ मी म्हणालो. ‘मला पण एक आणा.’